कॅमेऱ्यासाठी कर्नल बदलायला निघालेल्यांना

लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो. माझ्याकडे तो निदान चारदा आला. तो असा: ‘लॅपटॉपचा कॅमेरा लिनक्सवर चालत नाही? म्हणजे कर्नल जुना आहे. सगळ्यात नवा आरसी कर्नल टाका. ६.१० पासून इंटेलचे सगळे कॅमेरे चालतात. नाहीच चालला तर इंटेलचा ड्रायव्हर गिटहबवरून घेऊन डीकेएमएसने बसवा, एकदा बसला की कायमचा. सिक्युअर बूट आड येत असेल तर बंद करा, लिनक्सवाल्यांना त्याचा उपयोग नाही. डेव्ह-व्हिडिओ-झिरो दिसला की ड्रायव्हर चालू झाला समजा.’ (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.१० ही त्याची एक आवृत्ती, आणि आरसी म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती. डीकेएमएस बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करतं. सिक्युअर बूट म्हणजे सही नसलेला कोड सुरुवातीलाच अडवणारी सोय. डेव्ह-व्हिडिओ-झिरो, /dev/video0, ही डेव्ह फोल्डरमधली कॅमेऱ्याच्या नावाची फाइल.)

२०२५च्या एप्रिलमध्ये माझ्या भाचीने ऑनलाइन मुलाखतीच्या आदल्या रात्री हे सगळं ओळीने केलं. साडेदहाला फोन आला, ‘मामा, कॅमेरा नाहीच आला, आता वायफायपण गेलं.’ तिच्या वायफायचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा होता आणि नव्या आरसी कर्नलवर तो कंपाइलच झाला नाही. त्या रात्रीपासून या सल्ल्याला मुद्द्यागणिक उत्तर द्यायचं मनात होतं.

पहिलं वाक्यच घ्या, ‘कर्नल जुना आहे’. कोणता कॅमेरा आहे हे विचारल्याशिवाय हे म्हणताच येत नाही. लॅपटॉपच्या झाकणात दोन अगदी वेगळ्या जातींचे कॅमेरे असू शकतात. एक यूएसबीचा. तो आतल्या आत यूएसबीला जोडलेला असतो, स्वतःच चित्र तयार करतो आणि यूव्हीसी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने पुढे पाठवतो. त्याचा ड्रायव्हर यूव्हीसीव्हिडिओ २००८ साली, २.६.२६ या आवृत्तीत, कर्नलमध्ये आला. हा कॅमेरा चालत नसेल तर कर्नलवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी झाकणावरची सरकती पट्टी बघा, कॅमेरा बंद करणारी फंक्शन की बघा, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, कॅमेरा बंद केलेला नाही ना ते बघा, ब्राउझरला परवानगी दिली आहे ना ते बघा. टर्मिनलमध्ये यूएसबी उपकरणांची यादी देणारी एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा चालवून यादीत कॅमेरा दिसला तर तो या जातीचा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्यासाठी काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

दुसरी जात एमआयपीआय नावाच्या जोडणीने थेट प्रोसेसरला जोडलेल्या कॅमेऱ्यांची, आणि खरी अडचण तिथे आहे. यात झाकणात फक्त सेन्सर असतो. तो चित्र देत नाही, प्रकाशाचे कच्चे आकडे देतो. प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून काढायचे, उजेड किती घ्यायचा ते ठरवायचं, पांढरा पांढरा दिसेल असं करायचं, हे सगळं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं असतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक प्रोसेसरांत त्यासाठी आयपीयू६ नावाचा भाग आहे. त्याचे दोन तुकडे आहेत. एक सेन्सरकडून डेटा आत घेतो, दुसरा त्याचं चित्र बनवतो.

आता ‘६.१० पासून सगळे कॅमेरे चालतात’ हा दावा या माहितीवर ठेवून बघा. जुलै २०२४मध्ये आलेल्या ६.१० मध्ये यातला फक्त पहिला, डेटा आत घेणारा तुकडा सामील झाला. चित्र बनवणाऱ्या तुकड्याचा ड्रायव्हर त्यात आला नाही, कारण इंटेलची ती पद्धत त्यांच्या बंद लायब्ररींवर उभी आहे. म्हणजे ऊस गुऱ्हाळात येऊन पडला, गूळ अजून व्हायचाच होता. तो करण्यासाठी रेड हॅट आणि लिनारो या कंपन्यांमधल्या प्रोग्रॅमरांनी लिबकॅमेरा या कॅमेरे हाताळणाऱ्या प्रकल्पात ‘सॉफ्टवेअर आयएसपी’, म्हणजे कच्च्या आकड्यांचं चित्र करणारा प्रोग्रॅम, उभा केला. तो हेच काम आयपीयू६च्या दुसऱ्या तुकड्याशिवाय करतो. तो कर्नलमध्ये नाही. तुमच्या डिस्ट्रोतला, म्हणजे फेडोरासारख्या तुमच्या तयार लिनक्स संचातला, लिबकॅमेरा जुना असेल, किंवा त्याचं चित्र अ‍ॅपपर्यंत पोचवणारा पाईपवायर नीट जोडलेला नसेल, तर जगातला सगळ्यात नवा कर्नल टाकूनही पडदा काळाच राहतो. ऑक्टोबर २०२४च्या फेडोरा ४१ ने हे सगळे भाग एकत्र जुळवून दिले, म्हणून तिथे अनेकांचे कॅमेरे चालू झाले. श्रेय मात्र एकट्या कर्नलच्या खात्यावर जमा झालं, आणि बहुधा तिथूनच हा सल्ला जन्मला.

एवढ्यानेही साखळी पूर्ण होत नाही. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. त्या सेन्सरला वीज, घड्याळाची लय आणि रीसेटची पिन देण्याचं काम आयएनटी३४७२ हा वेगळा ड्रायव्हर करतो. काही लॅपटॉपांत मध्ये आयव्हीएससी नावाची आणखी एक चिप बसलेली असते, तिचे ड्रायव्हर ६.६ मध्ये आले. शिवाय आयपीयू६ला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्या भागाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लागतं आणि ते कर्नलबरोबर येत नाही, लिनक्स-फर्मवेअर या वेगळ्या पॅकेजमधून येतं. भाचीच्या लॅपटॉपात ओव्ही०२सी१० हा सेन्सर होता. त्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आला ६.१६ मध्ये, म्हणजे जुलै २०२५मध्ये. ६.१० नंतर पूर्ण एक वर्ष. त्या वर्षभरात ज्यांच्याकडे हा सेन्सर होता, त्यांना ‘६.१० टाका’ सांगणं म्हणजे नसलेल्या पत्त्यावर पाठवणं होतं.

आणि नव्या लूनर लेक प्रोसेसरांत आयपीयू६ नाहीच, आयपीयू७ आहे. त्याचा ड्रायव्हर ६.१७ मध्ये आला तोही ‘स्टेजिंग’ विभागात, म्हणजे अजून कच्च्या समजल्या जाणाऱ्या कोडच्या रांगेत.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. काहीही बदलण्याआधी साखळीतली कोणती कडी तुटली आहे ते शोधा. कर्नल ते स्वतःच सांगत असतो. कर्नलच्या नोंदी दाखवणारी डीमेसेज (dmesg) ही आज्ञा चालवा आणि आयपीयू६, आयएनटी३४७२ आणि सेन्सरचं नाव असलेल्या ओळी वाचा. ओळीच्या शेवटी असलेला आकडा फार बोलका असतो. फर्मवेअर लोड करताना उणे २ आलं तर फाइल सापडलेली नाही. कर्नल बदलून ती येणार नाही, फर्मवेअरचं पॅकेज अपडेट करा. उणे ५१७ म्हणजे हा ड्रायव्हर दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतो आहे. कोणाची ते शोधायचं. उणे १२१ म्हणजे सेन्सरला हाक मारली पण त्याने ओ दिली नाही. बहुतेकदा त्याच्यापर्यंत वीज पोचलेली नसते किंवा रीसेटची पिन चुकीच्या अवस्थेत असते. आणि सेन्सरच्या नावाची एकही ओळ नसेल तर त्याचा ड्रायव्हरच या कर्नलमध्ये नसण्याची शक्यता मोठी. फक्त या शेवटच्या दोन प्रकारांत नव्या कर्नलची आशा धरण्यात अर्थ आहे.

डेव्ह-व्हिडिओ-झिरोचा मुद्दा वरच्या माहितीतून आपोआप निकालात निघतो. आयपीयू६चा ड्रायव्हर नुसता लोड झाला आणि त्याला एखादा सेन्सर सापडला की डेव्हमध्ये व्हिडिओ या नावाच्या फायली डझनांनी उगवतात. त्या कच्च्या डेटाच्या वाटा आहेत. ब्राउझरला त्यांतून चित्र मिळत नाही. व्ही४एल२लूपबॅक हे आभासी कॅमेरा तयार करणारं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) बसवलं असेल तर तिथे दिसणारा कॅमेरा नुसता पोकळ साचा असतो, मागे काहीही नसताना तो यादीत दिसत राहतो. खरी खूण हवी असेल तर लिबकॅमेऱ्याचं ‘कॅम’ हे छोटं साधन एल पर्यायासह (cam -l) चालवा. तिथे कॅमेऱ्याचं नाव आलं तर कर्नलची बाजू झाली, पुढचं पाईपवायर आणि ब्राउझरमध्ये शोधायचं.

डीकेएमएस ‘एकदा बसला की कायमचा’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने पुढचे दोन कर्नल बघितले नसावेत. कर्नलच्या आतली फंक्शनं आणि हेडर फायली बदलत राहतील, हे कर्नलचे लोक उघड सांगतात. बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी त्यांच्यामागे धावतो. ६.१२ मध्ये अनअलाइन्ड डॉट एच ही हेडर फाइल एएसएममधून लिनक्स या फोल्डरमध्ये हलली. जुना पत्ता लिहिलेले कितीतरी बाहेरचे ड्रायव्हर त्या दिवशी कंपाइल होईनासे झाले. ६.१३ मध्ये मॉड्यूलच्या नेमस्पेसचं नाव अवतरणचिन्हांत लिहिणं सक्तीचं झालं, पुन्हा तेच. आरसी कर्नलवर तर हा धोका सगळ्यात आधी येतो, कारण बदल तिथे पहिल्यांदा उतरतात. म्हणजे या सल्ल्यातली दोन पावलंच एकमेकांच्या पायात पाय घालतात. इंटेलचा तो ड्रायव्हर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्या कर्नलवर तो तपासला आहे त्यावरच ठेवला, तर त्याचं चित्र पुष्कळदा सॉफ्टवेअर आयएसपीपेक्षा चांगलं येतं.

सिक्युअर बूटबद्दल थोडक्यात, पण कळकळीने. लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि डिस्क कुलूपबंद ठेवणारं त्याचं बिटलॉकर चालू असेल, तर सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती कुठे ठेवली आहे हे माहीत नसताना हा स्विच दाबू नका. स्वतः कंपाइल केलेल्या मॉड्यूलसाठी एमओके की, म्हणजे सही करायची स्वतःची की, तयार करून ती मोकयूटिल या साधनाने नोंदवता येते, सिक्युअर बूट तसंच राहतं.

मग प्रायोगिक कर्नल टाकायचाच नाही का? टाकायचा, आनंदाने टाकायचा, पण तो कशासाठी असतो ते समजून. नव्या आवृत्तीसाठी दोन आठवडे बदल स्वीकारले जातात, मग आरसी१ येतो आणि पुढे साधारण दर रविवारी एक, आरसी७ किंवा आरसी८ पर्यंत. या आठवड्यांचा उद्देशच लोकांनी वापरून काय मोडलं ते सांगावं हा असतो. जुना कर्नल ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कर्नल निवडायच्या, यादीत राहू द्या, डेटाची प्रत काढून ठेवा, आणि परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या रात्री हे करू नका. नुसता कॅमेरा चालतो का एवढंच बघायचं असेल, तर नव्या डिस्ट्रोचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून बघा; त्यात कर्नल, फर्मवेअर आणि लिबकॅमेरा तिन्ही एका वेळचे असतात आणि तुमच्या डिस्कला हातही लागत नाही.

भाचीने त्या रात्री जुन्या कर्नलमध्ये परत जाऊन वायफाय मिळवलं आणि हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचा यूएसबी वेबकॅम लावला. तो लावताक्षणी चालला. जूनमध्ये ६.१६चा आरसी१ आला तेव्हा आम्ही दोघांनी तो एका सुट्टीच्या दिवशी टाकला, इंटरनेट फोनवरून केबलने घेतलं. लिबकॅमेरा नवा करून ‘कॅम’ चालवलं आणि यादीत पहिल्यांदाच एक नाव आलं. चित्रात तिचा चेहरा हिरवट होता आणि खिडकी पांढरीफटक. तिने डीमेसेजच्या ओळी, सेन्सरचं नाव आणि ते चित्र जोडून तपशीलवार अहवाल लिहायला घेतला; मी चहा टाकला.