इंजेक्शन सोडलं की ‘दुप्पट वजन’? फॉरवर्डमधल्या एकेका वाक्याचा समाचार

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दलचा एक मजकूर सध्या घराघरातल्या फोनवर फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच असतं: ‘ही इंजेक्शनं म्हणजे सापळा आहे. सोडली की वजन आधीच्या दुप्पट होतं. शरीर स्वतःचं हार्मोन बनवायला विसरतं. गेलेले स्नायू परत येत नाहीत. घ्यायचीच असतील तर तीन महिन्यांचा कोर्स करा आणि डोस हळूहळू कमी करत सोडा, म्हणजे काही होत नाही. वजन वाढलंच तर परत सुरू करा.’

यातली पहिली काही वाक्यं घाबरवतात आणि शेवटची दिलासा देतात. नुकसान जास्त होतं ते दिलासा देणाऱ्या वाक्यांमुळे, म्हणून त्यांच्यापाशी जरा जास्त थांबू. इथे विषय आहे सेमाग्लुटाइड (ओझेम्पिक, वेगोव्ही) आणि टिर्झेपेटाइड (माउंजारो) या आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांचा.

‘वजन आधीच्या दुप्पट होतं’

नाही होत. वजन परत येतं हे मात्र खरं, आणि किती येतं हे मोजलेलं आहे.

सेमाग्लुटाइडच्या ‘स्टेप-१’ चाचणीत ६८ आठवड्यांनंतर औषध थांबवलं आणि ३२७ जणांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं. औषध घेणाऱ्यांचं वजन तोवर सरासरी १७.३ टक्के उतरलं होतं. वर्षभरात त्या १७.३ पैकी ११.६ परत आले, म्हणजे उतरलेल्यातला दोन तृतीयांश भाग. ९० किलोच्या माणसावर हा हिशेब मांडला तर तो साडेचौऱ्याहत्तरपर्यंत उतरला आणि वर्षाने ८५ वर आला. दुप्पट तर सोडाच, सुरुवातीच्या आकड्यापर्यंतही पोचला नाही.

टिर्झेपेटाइडच्या ‘सरमाउंट-४’ मध्ये चित्र तसंच आहे. ३६ आठवड्यांत २०.९ टक्के घट झाली. मग निम्म्या लोकांचं औषध त्यांच्या नकळत बदलून नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन दिलं. पुढच्या ५२ आठवड्यांत त्यांचं वजन १४ टक्क्यांनी वाढलं. ज्यांचं औषध चालू राहिलं त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. या चाचणीत आहाराचा सल्ला आणि व्यायामाचा आग्रह दोन्ही गटांत शेवटपर्यंत चालू होता. तेव्हा ‘औषध सोडल्यावर लोक खाण्यावर ताबा ठेवत नाहीत, म्हणून वाढतं’ हे शेजारपाजारचं निदानही बाजूला ठेवायला हरकत नाही.

पण एवढ्यावर सुटल्यासारखं समजू नका. चाचणी संपली तेव्हा वजनाची रेघ चढतीच होती. २०२६ च्या जानेवारीत ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. वजनाची औषधं थांबवल्यावर महिन्याला सरासरी ०.४ किलो वजन परत येतं आणि याच वेगाने पावणेदोन वर्षांच्या आत माणूस मूळ वजनाला पोचेल, असा त्या आढाव्याचा अंदाज आहे. नव्या, जोरदार इंजेक्शनांबाबत वेग याहून जास्त आहे. सरासरीच्या आड सगळे सारखे नसतात हेही खरं: ‘सरमाउंट-४’ मध्ये औषध थांबवलेल्यांपैकी १६.६ टक्के लोकांनी उतरलेल्या वजनातला ८० टक्के भाग वर्षभर टिकवला. सहातला एक.

‘शरीर हार्मोन बनवायला विसरतं’

ही गफलत बहुधा स्टेरॉइडवरून आली असावी. प्रेडनिसोलोन बराच काळ घेतलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं काम कमी करतात, म्हणून ते एकदम सोडत नाहीत. जीएलपी-१ चं तसं नाही. हे हार्मोन आतड्यातल्या पेशी जेवणानंतर सोडतात आणि ते रक्तात दोन-एक मिनिटांत निम्मं होतं. औषध म्हणजे त्याचीच आठवडाभर टिकणारी नक्कल. ती थांबली की आतडं पूर्वीइतकंच हार्मोन देत राहतं. पण वजन रोखायला ते आधीही पुरत नव्हतंच. चष्मा काढल्यावर धूसर दिसलं म्हणून चष्म्याने डोळे बिघडवले असं कुणी म्हणत नाही.

मग भूक एवढी का उसळते? तिचं कारण औषधात नाही, उतरलेल्या वजनात आहे. चरबी घटली की भूक रोखणारं लेप्टिन घटतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं. हे कुठल्याही डाएटनंतर होतं. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये नुसत्या कमी कॅलरीच्या आहाराने वजन उतरवलेल्या पन्नास जणांचा अभ्यास झाला; हार्मोनमधले हे बदल वर्षभरानंतरही टिकून होते. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भुकेची ओढ रोज सुमारे १०० किलोकॅलरीने वाढते. पाच किलो उतरवले असतील तर शरीर रोज पाचशे जास्त मागतं: दीड वडापाव, आणि तोही पोट भरल्यावर. इंजेक्शन चालू असताना ही मागणी दाबलेली असते. सोडल्यावर ती ऐकू येते, इतकंच.

ती कधी ऐकू येते हे माहीत असलेलं बरं. सेमाग्लुटाइड दर आठवड्याला निम्मं होतं: शेवटच्या इंजेक्शननंतर आठवड्याने अर्धं, दोन आठवड्यांनी पाव, पाच आठवड्यांनी तीन टक्क्यांच्या आसपास. टिर्झेपेटाइड दर पाच दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे साधारण महिनाभरात संपतं. म्हणून पहिले दोन आठवडे ‘बघा, काही झालं नाही’ असं वाटतं. मग एका संध्याकाळी तिसरी पोळी नकळत ताटात येते, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवलं जातं, रात्री अकराला फ्रीज उघडला जातो. डोक्यात खाण्याची भुणभुण सुरू होते. वजनकाट्यावर ते दिसायला आणखी काही आठवडे जातात आणि तेवढ्यात घडी विस्कटते. काट्याआधी ताट बोलतं.

‘गेलेले स्नायू परत येत नाहीत’

या वाक्यात तथ्य आहे, शेवट चुकीचा आहे. ‘स्टेप-१’ मधल्या काही जणांचं शरीर स्कॅन करून पाहिलं तेव्हा उतरलेल्या वजनात जवळपास ४० टक्के वाटा चरबी नसलेल्या भागाचा निघाला. टिर्झेपेटाइडच्या चाचणीत तो २५ टक्क्यांच्या आसपास होता. या भागात पाणी आणि अवयवही धरलेले असतात, सगळा स्नायू नव्हे. तरीही दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नाही, कारण वजन परत येताना चरबी बोलावल्याशिवाय येते आणि स्नायूसाठी घाम गाळावा लागतो.

आपल्याकडे तर याचं महत्त्व जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यूडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशेबात वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू मुळातच कमी आणि चरबी जास्त असते. त्यातला स्नायू घालवून चरबी परत आणली तर काट्यावर ८५ किलो दिसले तरी ते पूर्वीचे ८५ नसतात.

उपाय सांगायला सोपा आहे, करायला नाही. प्रथिनं किलोमागे साधारण १.२ ग्रॅम धरा. ७५ किलोच्या माणसाला रोज ९०. वरण-भातावर हे होत नाही, कारण वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात. दोन अंडी (१२), दोन वाट्या घट्ट उसळ (१५), १०० ग्रॅम पनीर (१८), ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (१५), चार पोळ्या (१२), वाटीभर दही (५), मूठभर शेंगदाणे (७) असं जोडत गेलं तर पंच्याऐंशीच्या आसपास पोचता येतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला किंवा जमिनीवर रेटा, रबरी पट्टा ओढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. पंधरा वेळा सहज होत असेल तर तो व्यायाम हलका झालाय, भार वाढवा. नुसतं सकाळचं फिरणं स्नायूला पुरत नाही.

व्यायामाचा फायदा औषध सोडल्यावरही दिसतो. डेन्मार्कमध्ये लिराग्लुटाइड या जुन्या, रोजच्या इंजेक्शनवर एक वर्षाची चाचणी झाली. सगळं थांबवून आणखी वर्ष गेल्यावर पाहिलं, तर औषधासोबत देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांची वजनातली घट नुसतं औषध घेतलेल्यांपेक्षा सरासरी ५ किलोंनी जास्त टिकली होती. हा व्यायाम इंजेक्शन चालू असतानाच सुरू झालेला होता. बंद केल्यावर जिम लावू, हे उशिराचं आहे.

‘तीन महिन्यांचा कोर्स करा’

हे वाक्य लिहिणाऱ्याने डोसचा तक्ता पाहिलेला नाही. वेगोव्हीचा डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ असा चढत सतराव्या आठवड्यात २.४ वर पोचतो. तीन महिन्यांत तुम्ही १ मिलिग्रॅमवर असता. म्हणजे मळमळ सोसायची, पैसे घालायचे आणि औषध पूर्ण ताकदीला येण्याआधीच घरी परत फिरायचं. टिर्झेपेटाइडही २.५ पासून चार-चार आठवड्यांच्या पायऱ्यांनीच चढतं.

लग्नाआधीचे तीन महिने अशा हिशेबाने घेणाऱ्यांनी निदान हे तरी समजून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांची शिफारस केली ती काही अटींसह आणि दीर्घकालीन उपचार म्हणून केली. अनेक लोक सोडतात ते पैशांमुळे. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, तेव्हा हा अडसर कमी होईल. तरी पहिलं इंजेक्शन घेण्याआधी दोन वर्षांचा खर्च कागदावर मांडा. झेपत नसेल तर तेव्हाच डॉक्टरांना तसं सांगा.

‘हळूहळू सोडलं की काही होत नाही’

वर निम्म्या-निम्म्याचा हिशेब पाहिला. ही औषधं स्वतःच हळूहळू उतरतात, त्यामुळे अचानक थांबवल्याने शरीराला झटका बसत नाही. डोस कमी करत सोडण्याच्या बाजूने जो दाखला दिला जातो तो डेन्मार्कमधल्या एका वजन-कार्यक्रमाचा, २०२४ मध्ये मांडलेला. त्यात डोस शून्यावर आणून वजन टिकवलेल्यांपैकी २६ आठवड्यांची नोंद असलेले लोक मोजकेच होते, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन चालू होतं. तेवढ्यावर ‘काही होत नाही’ म्हणता येत नाही. सावकाश उतरण्याचा खरा उपयोग वेगळा आहे: भूक कोणत्या डोसला परत येते ते कळतं, आणि तिथेच थांबायचं की नाही हे डॉक्टरांसोबत ठरवता येतं.

घरच्या घरी डोस अर्धा करण्याचे प्रयोग मात्र नकोत. एका वेळेच्या कुपीत जंतू रोखणारं द्रव्य नसतं. अर्धं आज काढून उरलेलं पुढच्या आठवड्यासाठी फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिटची मापं असतात, मिलिग्रॅमची नव्हे. त्यात दहापट चूक व्हायला वेळ लागत नाही.

‘वाढलं तर परत सुरू करा’

फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक वाक्य. चार महिन्यांपूर्वी २.४ वर होतो म्हणून आज पुन्हा २.४ टोचलं, तर पोटाची सवय केव्हाच मोडलेली असते. अन्न जठरात अडून राहतं, उलट्या थांबत नाहीत, पाणी पोटात ठरत नाही, आणि पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर ताण येतो. लागोपाठ दोनपेक्षा जास्त डोस चुकले असतील तर पुन्हा खालच्या पायरीपासून चढायचं की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा. फ्रीजच्या दारात राहिलेलं जुनं पेनही वापरू नका. उघडल्यानंतर ते ठरावीक आठवडेच चालतं, किती ते सोबतच्या कागदावर असतं.

परत सुरू करायचंच असेल तर केव्हा, हे आधीच ठरवा. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन. सोबत बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर. सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा तीन किलो वर गेलात की डॉक्टरांची वेळ घ्या, दहा किलोंची वाट पाहू नका.

मजकुरात जे नाहीच

वजन सोडून बाकीचं. ‘स्टेप-१’ नंतरच्या वर्षात वरचा रक्तदाब पुन्हा मूळ पातळीला गेला. इंजेक्शन चालू असताना रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी कमी केली असेल, इन्सुलिनची युनिटं घटवली असतील, तर इंजेक्शन थांबवायच्या आधी ती यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. पहिले दोन महिने घरी आठवड्यातून दोनदा रक्तदाब, मधुमेह असेल तर उपाशीपोटीची साखर, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी).

बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं, टिर्झेपेटाइड किमान एक महिना आधी. वजन उतरल्यावर पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्यांची पाळी अनेकदा नियमित होते आणि गर्भ अनपेक्षितपणे राहू शकतो. टिर्झेपेटाइड सुरू करताना आणि प्रत्येक डोस वाढवताना पुढचे चार आठवडे गर्भनिरोधक गोळीचा भरवसा धरू नये, सोबत निरोध वापरावा.