नोटिशीचा धाक आणि लघुउद्योगांचे पर्यावरण

“लघुउद्योजकाला पर्यावरणाशी देणेघेणे नसते, तो भितो फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिशीला. दंड दुप्पट करा, सगळे वठणीवर येतील. खर्च परवडत नाही ही रड अनुदानासाठी असते, आणि ग्राहकाला तर या कशाचेच सोयरसुतक नसते.” समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या या विधानातला एकही मुद्दा जसाच्या तसा मान्य करण्याजोगा नाही.

धाकाचा मुद्दा आधी घेऊ. १९९०च्या दशकात ऊर्जा आणि पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या ‘टेरी’ या संस्थेने हावड्यातील फाउंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी, दुहेरी झोताची कुपोला भट्टी (कोक जाळून लोखंड वितळवणारी उभी भट्टी) आणि तिला जोडलेली धूर धुण्याची यंत्रणा विकसित केली. भट्टीमुळे कोकची, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या इंधनाची, लक्षणीय बचत होत होती, तर धूर धुण्यातून मालकाच्या हाती काहीच पडत नव्हते. पुढे राजकोटसारख्या केंद्रांत भट्टीचे अनुकरण झाले, पण धूर धुण्याची यंत्रणा तशी पसरली नाही. प्रदूषणाचे नियम मात्र हावडा आणि राजकोट, दोन्हीकडे होतेच; म्हणजे भट्टी पसरली ती बचतीमुळे, धाकामुळे नव्हे.

कायद्याने काहीच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातील उद्योगांना कोळसा सोडण्याचा आदेश दिला आणि फिरोजाबादच्या काचभट्ट्या नैसर्गिक वायूवर आल्या. पण तिथे ‘गेल’ या सरकारी कंपनीचा वायू उपलब्ध होता, म्हणून तो आदेश पाळणे शक्य झाले. पर्यायच नसेल, तर दंड वाढवून कारखाना बंद पडेल किंवा चोरून चालेल.

अनुदानाचे म्हणाल, तर कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याला विचारावे. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. रनर-रायझरला, म्हणजे साच्यात धातू ओतण्याच्या वाटांत गोठून उरलेल्या तुकड्यांना, चिकटलेली साच्याची वाळू न झाडता तो माल पुन्हा भट्टीत टाकला, की वाळूचा स्लॅग (मळी) होतो आणि तो वितळवायलाही वीज जळते. झाकण उघडे राहिले, तर उष्णता वरच्यावर निघून जाते. वाळू झाडायला आणि झाकण लावायला कुणाचे अनुदान लागत नाही, फक्त शिफ्टवरच्या माणसाला ते पटलेले असावे लागते.

ग्राहकाचा मुद्दा तर आता जुना झाला. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या ‘सेबी’ने २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केल्यापासून त्या आपल्या पुरवठादारांकडेही विजेचा आणि कचऱ्याचा तपशील मागू लागल्या आहेत. युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्यांकडे २०२३पासून कार्बनचा हिशेब मागितला जातो. मात्र हाच बडा ग्राहक लघुउद्योजकाचे बिल कायद्याने ठरवलेल्या ४५ दिवसांत चुकते करत नसेल, तर त्याला हवी असलेली नवी भट्टी पुरवठादाराने कोणत्या पैशांतून घ्यावी, हेही त्यानेच सांगावे.