जुन्या घरात नवे स्वयंपाकघर थाटणाऱ्यांस सूचना

आपले घर गिरगावातल्या एखाद्या वाडीत असेल, पणजोबांच्या काळात बांधलेले असेल आणि त्यातले स्वयंपाकघर व माजघर अजून धडधाकट असेल, तर ही परिस्थिती फार काळ चालू देणे योग्य नव्हे. एखादी गोष्ट शंभर वर्षे बिनतक्रार चालते, याचा अर्थ तिच्यातला दोष कोणी नीट शोधलेला नसतो. आमच्या घरातला तो आम्ही शोधला आणि साडेचार महिन्यांत मुळासकट उपटला. त्या अनुभवाच्या जोरावर या सूचना करीत आहे.

सुरुवात स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीपासून करावी. ती पाडण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला चुकूनही बोलावू नये, कारण तो फी घेतो आणि वर आपल्यालाच प्रश्न विचारतो: घराचा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर आहे की भिंतींवर, ही भिंत नुसता आडोसा आहे की सांगाड्याला धरून ठेवते आहे, इत्यादी. त्यापेक्षा कंत्राटदार बरा. आमच्या कंत्राटदाराने बोटाच्या पेराने भिंतीवर दोनदा टकटक केले, कान लावला आणि भिंत ‘डमी’ असल्याचे निदान केले. भिंत पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू काकांच्या खोलीचे दार लागेनासे झाले. ते सांगायला खाली आले, तेव्हा पावसाळ्यात लाकूड फुगतेच, असे आम्ही त्यांना समजावले. फेब्रुवारी चालू होता.

आपले घर वारसा यादीत असेल तर मात्र थोडे कागदपत्र वाचावे लागतील. मुंबईला 1995 साली वारसा नियमावली मिळाली आणि तिने इमारतींच्या तीन श्रेणी केल्या. तिसऱ्या श्रेणीत आतल्या बदलांना साधारणपणे मुभा असते, एवढे एक वाक्य पाठ करावे. त्याच्या मागचीपुढची वाक्ये वाचत बसल्यास कामाला उशीर होतो.

भिंतीबरोबर तिच्या पायाशी असलेला उंबरठाही काढून टाकावा. चार बोटे उंचीच्या त्या लाकडाला ठेच लागते, आणि मुख्य म्हणजे रोबो व्हॅक्यूमला तो ओलांडता येत नाही. “उंबरठा कशाला रे काढतोस?” एवढेच आई म्हणाली. डिझायनरबाईंनी तिला जवळ बसवून ‘फ्लो’ म्हणजे काय ते समजावून सांगितले.

त्यानंतर मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वीतभर कठड्याची मोरी असणे हे आज कोणत्याही पाहुण्याला दाखवण्यासारखे राहिलेले नाही. तिथे भांडी घासली जात, तांदूळ धुतले जात, आणि पाटावर बसून बोंबील व कोळंबी साफ केली जाई; आता तिथे कॉफी कॉर्नर आहे आणि कोळंबी बाथरूममध्ये साफ होते. आमच्या संपूर्ण स्वयंपाकघराच्या जमिनीला मोरीकडे किंचित उतार होता. गवंड्याचा हात चुकला असावा, असे डिझायनरबाईंचे मत पडले, आणि लेव्हल लावून त्यांनी ती शंभर वर्षांची चूक दुरुस्त केली.

जमिनीवरच्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्या उखडण्यापूर्वी त्यांना एकदा ॲसिडने धुऊन पाहावे. या फरश्या भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंगाचा थर ओतून, वर सिमेंट भरून त्या दाबयंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. परदेशी फरशीला स्वदेशी उत्तर म्हणून 1922 साली भारत टाइल्सने हाच उद्योग मांडला होता. रंगाचा थर चांगला काही मिलिमीटर जाड असल्यामुळे तीन पिढ्या त्यावरून चालल्या तरी नक्षी जात नाही. ॲसिडने मात्र एका दुपारी जाते, आणि मग फरशी खराब झाली आहे असे घरातल्या सर्वांचे एकमत होते.

आता भिंतींचा गिलावा, ज्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण इथे बहुतेकांचा धीर सुटतो. चुन्याचा गिलावा हा मुळातच आळशी प्रकार आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो वर्षानुवर्षे सावकाश घट्ट होत राहतो. जुने गवंडी चुना घाण्यात मळताना त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालीत, म्हणजे कामाच्या आधी भिंतीचेही तोंड गोड करीत. असा गिलावा ओल पितो आणि उघडीप मिळाली की परत सोडतो. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, याची त्यांना बहुधा कुणकुण लागली असावी. आपण तो गिलावा टाचून काढावा, सिमेंटचा करावा आणि वर प्लास्टिक पेंटचे दोन हात मारावेत. मग भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि पहिल्याच श्रावणात रंगाखाली तळहाताएवढे फुगे धरतात. आमच्या फ्रिजमागचा असा एक फुगा मी नखाने फोडला, तर आतून पिठासारखा पांढरा लोणा ओट्यावर सांडला. जिभेला लावून पाहिला, खारट होता. याला ‘वातावरण’ म्हणतात, असे कंत्राटदाराने फोनवर सांगितले.

तेरा फुटांवरचे छत नऊ फुटांवर आणण्यासाठी पीओपीचे खोटे छत घालावे. त्यात सागवानी तुळया झाकल्या जातात, झोपाळ्याच्या कड्या झाकल्या जातात, आणि दारांवरचे झरोकेही बंद होतात, ज्यांतून फोडणीचा धूर बाहेर आणि चौपाटीवरचा वारा आत येत असे. धुरासाठी चिमणी बसवावी. ती बिनपाइपची घेतल्यास भिंतीला भोक पाडावे लागत नाही. हवा कोळशाच्या जाळीतून फिरवून ती परत खोलीतच सोडते. बोंबील तळले की सोफ्याला तो वास पुढच्या शनिवारपर्यंत पुरतो, आणि स्वयंपाकघर व बैठक एक झाल्याची खात्री पटते.

शेवटी नळ. आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येते. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी पाणी गेलेले असताना कोणीतरी नळ फिरवून पाहिला आणि तसाच ठेवला. कोणी, ते अजून ठरायचे आहे. सिंकच्या जाळीवर खरकटे ताट भिजत पडले होते. पहाटे सिंक भरले, पाणी ओट्यावरून खाली आले, लेव्हलमध्ये असलेल्या जमिनीवर क्षणभर थांबले, आणि मोरी न सापडल्यामुळे सरळ बैठकीत निघाले. तिथल्या लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटच्या पट्ट्या सात वाजेपर्यंत भाजलेल्या पापडासारख्या कडांनी वर उचलल्या होत्या. डिझायनरबाई ज्याला ‘फ्लो’ म्हणत होत्या तो हाच, हे तेव्हा आम्हाला प्रथमच दिसले.

कंत्राटदाराने यावर तोडगा काढला. पूर्वी जिथे भिंत होती त्या रेषेवर त्याने काळ्या ग्रॅनाइटची चार बोटे उंच पट्टी बसवली. कोटेशनमध्ये तिचे नाव ‘वॉटर बॅरियर’ असून दर रनिंग फुटाने लावलेला आहे. सिमेंट ओले होते तोवरच आई देवघरातून कुयरी घेऊन आली आणि तिने पट्टीच्या मधोमध हळदकुंकवाची बोटे उमटवली. तेवढ्यात सोफ्याखालून रोबो व्हॅक्यूम आला, पट्टीला धडकला आणि मागे फिरला.