जॅक टेलरचे १३८ गुण: आकडा खरा, गोष्ट खोटी

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि त्याच सुमारास एक जुनी पोस्ट नव्या फोटोसह फिरायला लागते. आशय साधारण असा: ‘विल्ट चेंबरलेनचे १०० गुण विसरा. आयोवातल्या ग्रिनेल या छोट्याशा कॉलेजच्या जॅक टेलरने २० नोव्हेंबर २०१२ ला एकट्याच्या बळावर १३८ गुण ठोकले. हा जागतिक विक्रम आहे, आणि तोही तोडीस तोड कॉलेज संघाविरुद्ध. पण उंची पडली जेमतेम ५ फूट १० इंच, म्हणून एनबीएने त्याला उभंही केलं नाही.’ खाली टाळ्यांचे इमोजी आणि हळहळ.

१३८ हा आकडा खरा आहे. ग्रिनेल १७९, फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज १०४, हा निकालही खरा. उंचीही बरोबर. बाकी जवळपास प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरलंय.

आधी ‘जागतिक विक्रम’ उरकून टाकू, कारण त्यात फार दम नाही. टेलरचे १३८ हा एनसीएए या अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेच्या वहीतला विक्रम आहे. विल्ट चेंबरलेन या व्यावसायिक खेळाडूचे १०० एनबीएच्या, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक लीगच्या, वहीत आहेत, २ मार्च १९६२ या तारखेसमोर, आणि ते आजही जागच्या जागी आहेत. कॉलेजात कुणी काय केलं याने त्यांना धक्का लागत नाही. आणि जगभरातला सगळ्यात मोठा आकडाच हवा असेल, तर १९७४ मध्ये स्टॉकहोमला मुलांच्या एका स्पर्धेत मॅट्स वेर्मेलिन या १३ वर्षांच्या पोराने २७२ गुण केले होते. सामन्याचा निकाल २७२-०. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, मेरीलँडमधल्या मेरी बॉइड या शाळकरी मुलीने १५६ केले. तो निकाल १६२-३. असले निकाल वाचले की समोर कोण होतं, हा प्रश्न आपोआप पडतो. टेलरच्या बाबतीत तो पडत नाही, कारण पोस्टवाले समोरच्या संघाचं नावच देत नाहीत.

आता ‘एकट्याच्या बळावर’. माझा खरा आक्षेप इथे आहे.

ग्रिनेल खेळायचं त्या पद्धतीला अमेरिकेत सगळे ‘द सिस्टिम’ म्हणतात. डेव्हिड आर्सेनो सीनियर १९८९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा या संघाने सलग २५ हंगाम विजयापेक्षा पराभव जास्त पाहिले होते. त्याच काळात पॉल वेस्टहेडचा लॉयोला मेरीमाउंट संघ वेगाच्या जोरावर धुमाकूळ घालत होता. १९८९-९० च्या हंगामात त्यांची सरासरी सामन्याला १२२.४ गुण होती. आर्सेनोंनी हा वेग आणखी टोकाला नेला आणि त्याला गणिताची चौकट बसवली: सामन्यात किमान ९४ शॉट घ्यायचे, त्यातले ४७ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट. आपल्या चुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांश रिबाउंड आपणच मिळवायचे. समोरच्याच्या हातून ३२ वेळा चेंडू काढून घ्यायचा. आणि एकूण शॉट त्यांच्यापेक्षा २५ जास्त. हे पाचही आकडे गाठले की सामना बहुतेक आपलाच, असा त्यांचा हिशोब.

हे जमवायचं तर खेळाडू सतत ताजे हवेत. म्हणून पाचच्या पाच जण एकदम बदलतात, आइस हॉकीत बदलतात तसे, साधारण मिनिटभराने. मैदानभर प्रेस लावतात, म्हणजे समोरच्याला चेंडू पुढे नेतानाच घेरतात. प्रेस फोडून कुणी बास्केटखाली पोचलाच, तर त्याला फारसं अडवत बसत नाहीत. घे तुझा ले-अप (बास्केटजवळचा सोपा शॉट), आण इकडे चेंडू. तुमचे दोन लवकर होऊ देत, म्हणजे आमचे तीन लवकर होतील.

या हिशोबाने त्या रात्रीचा बॉक्स स्कोअर (खेळाडूवार आकड्यांचा तक्ता) वाचा. टेलर ३६ मिनिटं खेळला आणि १०८ शॉट घेतले. म्हणजे दर २० सेकंदांना एक, आणि त्या २० सेकंदांत समोरच्यांचा चेंडूवरचा ताबाही धरलेला. तेव्हा पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एका ताब्याला ३५ सेकंद मिळत. समोरचा संघ चेंडू घेऊन नुसता दहा-पंधरा सेकंद रेंगाळत राहिला असता, तरी १०८ शॉट बसवायला घड्याळात जागा उरली नसती. फेथ बॅप्टिस्टला झटपट बास्केट मिळत होती, म्हणूनच टेलरला इतके शॉट मिळत होते.

याचा पुरावा त्याच कागदावर आहे, आणि तो कुणी शेअर करत नाही. फेथ बॅप्टिस्टच्या डेव्हिड लार्सनने त्याच सामन्यात ७० गुण केले. ४४ शॉटपैकी ३४ आत. म्हणजे ७७ टक्के! कुठल्याही कॉलेजच्या कुठल्याही सामन्यात कुणी ७० केले तर त्याचा फोटो वर्षभर भिंतीवर राहील. इथे तो हरलेल्या संघाच्या यादीतली एक ओळ होऊन गेला. पण त्या ओळीवरून कळतं की ग्रिनेलच्या बास्केटखाली त्या रात्री दार सताड उघडं होतं, आणि ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

बाकीच्या चौघांचं काय? टेलरच्या नावावर असिस्ट शून्य. त्याने पास देऊन कुणाला बास्केट मिळवून दिल्याची नोंद नाही, कारण त्या दिवशी ते त्याचं कामच नव्हतं. इतरांनी त्याच्यासाठी स्क्रीन लावायचे, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला जागा करून द्यायची, त्याचा चुकलेला शॉट झडप घालून परत त्याच्याच हातात द्यायचा. हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांत त्याचा नेम पार बिघडला होता आणि त्याला सूर सापडावा म्हणून जास्तीत जास्त शॉट द्यायचे, असं प्रशिक्षकांनी आधीच ठरवलं होतं. पूर्वार्धात ५८ झाले, मग उत्तरार्धात ८०. गंमत म्हणजे ‘द सिस्टिम’चं एक मोठं आकर्षण हे, की बाकावरच्या शेवटच्या पोरालाही रोज खेळायला मिळतं. एकाच खेळाडूला ४० पैकी ३६ मिनिटं मैदानात ठेवणं हा त्या पद्धतीतलाच अपवाद होता. एका रात्रीपुरता तो साऱ्या संघाने मान्य केला.

चेंबरलेनलाही त्या रात्री चेंडू भरवला गेला, हे इथे सांगायलाच हवं. शेवटी शेवटी त्याचे सहकारी चेंडू परत मिळावा म्हणून मुद्दाम फाउल करत होते, आणि समोरच्या न्यूयॉर्क संघाचा नेहमीचा सेंटर, म्हणजे बास्केटखालचा उंच खेळाडू, खेळत नव्हता. पण त्याने ६३ शॉटमध्ये ३६ बास्केट आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे एका गुणाचे शॉट) केले, समोर व्यावसायिक खेळाडू होते, आणि तीन गुणांची रेषा एनबीएत यायला अजून १७ वर्षं होती. तेव्हा तुलना करणाऱ्यांनी निदान १०८ आणि ६३ हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत.

‘तोडीस तोड संघाविरुद्ध’ हे समजायला नोव्हेंबर समजावा लागतो. ग्रिनेल एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर, खेळतं. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, बहुतेक प्रवास बसने, आणि नियमित हंगामात २५च्या आसपास सामने. त्यातले महत्त्वाचे ते कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांविरुद्धचे. ग्रिनेलसाठी ती मिडवेस्ट कॉन्फरन्स, आणि तिची खरी लढाई जानेवारी-फेब्रुवारीत. त्याआधीचे आठवडे भरायला जवळचा, खिशाला परवडणारा, तारीख जुळणारा कुणीही चालतो. फेथ बॅप्टिस्ट हे ग्रिनेलपासून रस्त्याने तासाभरावर, अँकेनीतलं. धर्मशिक्षण देणारं, काहीशे विद्यार्थ्यांचं कॉलेज. ते एनसीएएत नाहीच. ख्रिस्ती कॉलेजांची एनसीसीएए म्हणून वेगळी संघटना आहे, तिच्यात ते खेळतं. डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना मुख्य निकषांत डिव्हिजन थ्रीमधल्या संघांविरुद्धचेच सामने धरतात. म्हणजे विक्रमांच्या वहीत अजरामर झालेला हा सामना ग्रिनेलच्या पुढच्या वाटचालीच्या हिशोबात जवळपास शून्य किमतीचा.

पुढच्या वर्षी, १७ नोव्हेंबर २०१३ ला, टेलरने पुन्हा शंभरी ओलांडली. १०९ गुण, ७० पैकी ३५ शॉट आत. समोर मिनेसोटातलं क्रॉसरोड्स कॉलेज, तेही बायबल कॉलेजच. महिना तोच, प्रतिस्पर्ध्याची जात तीच. योगायोग दोनदा होत नाही असं मी म्हणणार नाही, पण इथे कॅलेंडरचा हात दिसतो.

मराठी वाचकाला हे पटवायला फार लांब जावं लागू नये. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी चषकात नाबाद १००९ धावा केल्या. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ मध्ये आटोपले. तितका वेळ न थकता, न कंटाळता खेळत राहणं ही प्रणवचीच कमाई, ती कुणी नाकारू नये. पण त्यावरून ‘सचिनपेक्षा मोठा’ म्हणणाऱ्यांनी त्या पोराचंच नुकसान केलं. टेलरच्या पोस्टी तेच करतात.

एनबीएचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. ५ फूट १० इंच हे कारण असतं तर ५ फूट ३ इंचांचा मगसी बोग्ज १४ हंगाम टिकलाच नसता. आयझेया थॉमस ५ फूट ९. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) ६०वा, म्हणजे अगदी शेवटचा, आणि २०१६-१७ मध्ये सामन्याला २८.९ गुणांची सरासरी. बरं, ‘छोट्या कॉलेजांकडे कुणी बघत नाही’ हेही नाही. ऑग्सबर्ग या डिव्हिजन थ्री कॉलेजच्या डेव्हियन जॉर्जला एनबीएच्या लेकर्स संघाने १९९९ मध्ये पहिल्याच फेरीत, २३वा म्हणून उचललं. डंकन रॉबिन्सनने सुरुवात विल्यम्स कॉलेजात केली, तेही डिव्हिजन थ्रीच. तिथून मिशिगन विद्यापीठ, तिथून एनबीएचा मायामी हीट संघ. निवड करणारे बघतात ते हे, की सहा-साडेसहा फुटांचा चपळ बचावपटू अंगावर आला की याला शॉट सुटतो का, आणि त्याच माणसाला हा अडवू शकतो का. १३८ गुणांच्या रात्री यातला एकही प्रश्न टेलरला कुणी विचारला नाही. उत्तर मिळणार कुठून?

आता दुसऱ्या टोकाचे. ‘सगळं बोगस, विक्रम रद्द करा’ म्हणणारेही कमी नाहीत, आणि त्यांचंही मला पटत नाही. ३६ मिनिटांत ७१ थ्री-पॉइंटर मारायचे आणि त्यातले २७ आत घालायचे, म्हणजे ३८ टक्के, हे पाय शिशासारखे जड झालेले असताना करायचं असतं. रिकाम्या जिममध्ये कुणी अडवत नसतानाही करून बघा. शिवाय दुबळ्या समजल्या गेलेल्या छोट्या कॉलेजाचा हंगामाच्या सुरुवातीचा प्रत्येक निकाल पोकळच असतो असंही नाही. हवाईतल्या शॅमिनाड या एनएआयएच्या, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेतल्या, संघाने डिसेंबर १९८२ मध्ये राल्फ सॅम्पसनच्या अव्वल क्रमांकावरच्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७७-७२ असं लोळवलं होतं. त्याला कुणी बोगस म्हणत नाही.

आणि नियमाचं म्हणाल, तर एनसीएएची अट जुनी आहे: प्रतिस्पर्धी चार वर्षांची पदवी देणारं कॉलेज हवं. फेथ बॅप्टिस्ट त्यात बसतं. या अटीमागे एका उंच, लाजऱ्या पोराची गोष्ट आहे. ओहायोतल्या रायो ग्रँड कॉलेजात तेव्हा शंभरही विद्यार्थी नव्हते. तिथल्या बेवो फ्रान्सिसने जानेवारी १९५३ मध्ये अॅशलंड ज्युनियर कॉलेजविरुद्ध ११६ गुण केले. संघ त्या हंगामात ३९ पैकी ३९ सामने जिंकला, देशभर बोलबाला झाला. मग मोठ्या कॉलेजांच्या मंडळींनी भुवया उंचावल्या आणि एनसीएएने ठरवलं, ज्युनियर कॉलेजांविरुद्धचे गुण धरायचे नाहीत. ११६ वहीतून गेले. प्रशिक्षक न्यूट ऑलिव्हर यांनी पुढच्या वर्षी तगडं वेळापत्रक आखलं, आणि २ फेब्रुवारी १९५४ ला, भर हंगामात, हिल्सडेल या चार वर्षांच्या कॉलेजविरुद्ध बेवोने ११३ केले. ७० पैकी ३८ शॉट आणि ३७ फ्री थ्रो. टेलरने ५८ वर्षांनी मोडला तो हा आकडा.

विक्रम रद्द नको, पण माझ्या स्वतःच्या यादीत १३८ पहिल्या क्रमांकावर नाही. ग्रिनेलच्याच जेफ क्लेमेंटने १९९८ मध्ये कॉन्फरन्समधल्या इलिनॉय कॉलेजविरुद्ध केलेले ७७ मला जास्त वजनाचे वाटतात. तिथे दोन्ही संघ एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते आणि ‘द सिस्टिम’ला कसं तोंड द्यायचं याची तयारी करून आलेले होते. ग्रिफिन लेंट्शचे २०११ मधले ८९ त्याच्या खालोखाल: नोव्हेंबरातलेच, पण समोर प्रिन्सिपिया हा डिव्हिजन थ्रीमधलाच संघ होता, आणि शॉट ५५. सगळ्यांच्या वर बेवो. १९५४ च्या नियमांनी टेलरचे २७ थ्री-पॉइंटर दोन-दोन गुणांचे धरा. त्याची बेरीज १११ होते.