ओढा मुजवायचाय? या, बसा

परवा वळवाचा एकच दणका झाला आणि आमच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. दारातल्या चपला पोहत देवघरापर्यंत गेल्या. तीस वर्षांत हे झालं नव्हतं. पण यंदा मागचा ओढा राहिलाय कुठं? तिथं आता सहा प्लॉट पडलेत, दगड रोवून, चुना मारून. ज्यांना ही कला अजून जमलेली नाही, त्यांच्यासाठी चार युक्त्या.

पहिली गोष्ट, ओढ्याला ओढा म्हणायचं नाही. गटर म्हणायचं.

मुरूम रात्री टाका.

ओढ्याच्या जागी दोन फुटी पाइप घाला. पुरतो की! वरच्या माळावर कुसळं होती तेव्हा निम्मं पाणी तिथंच मुरायचं, उरलेलं रमतगमत खाली यायचं. आता माळावर स्लॅब, पेव्हिंग ब्लॉक आणि डांबर. मुरायला वीतभर माती नाही, म्हणून सगळं पाणी एकदमच खाली सुटतं. ते तुमच्या पाइपापाशी येतं, पाइपात गादी, नारळ नि प्लास्टिक अडकलेलं असतं, आणि मग ते पाणी कुणाच्या घरात जातं? ज्यानं एक गुंठाही विकला नाही त्याच्या! तरी पाइप टाकताना छाती पुढं काढून सांगायचं, 'काका, सोय केलीय.' कसली सोय रे? वरनं किती पाणी येतं ते मोजलंस कधी?

असो. पुढची युक्ती.

पूररेषेची भीती वाटून घेऊ नका. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर, असं गिऱ्हाइकाला समजावून सांगा. 2005, 2019 आणि 2021, ही शतकं कोल्हापुरात जरा घाईनं उलटली एवढंच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका म्हणतात. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. तेव्हा खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाकडं बोट दाखवायचं. बोट दाखवायला मुरूम लागत नाही.

कुणी फारच टोकलं तर इतिहास काढा. रावणेश्वराच्या तळ्यावर स्टेडियम झालं, कपिलतीर्थावर मंडई, वरुणतीर्थावर गांधी मैदान. त्या मैदानात पाऊस झाला की गुडघाभर पाणी साठतं, तेवढं मात्र सांगू नका.

पाच जूनला एक झाड लावा. फोटो काढा.

आता बास. भावा, सरळ बोलतो. ओढ्याच्या दोन्ही काठांना जागा सोडायची, वरच्या उताराला चर मारायचे, बांधकामाला परवानगी देताना आधी पाण्याची वाट बघायची, हे काय रॉकेट सायन्स नव्हं. आमच्या आज्जाला शाळा न शिकता कळत होतं. आणि प्लॉट घेणाऱ्यांनो, तुम्हीपण! 'एन.ए. आहे का, लोन होईल का' एवढंच इचारलंसा. हितं आधी काय होतं, हे कुणी इचारलं? लाज वाटू द्या जरा.

काल परत आभाळ आलं तसा आईनं पिठाचा डबा माळ्यावर ठेवायला लावला. वय पंच्याहत्तर तिचं. पाइप काढ आणि मुरूम उचल. मिरगाला दिवस थोडे राहिलेत.