को-पायलटला म्हणे नुसतं बाजूला बसायचं असते

‘बारावी झालेलं पोट्टं, १८ महिन्यांत पायलट, १०० टक्के नोकरी, पहिलाच पगार ५ लाख.’ हा मेसेज यवतमाळ-वाशीमकडच्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतो आहे. फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं. पण तो मावसभावापर्यंत पोचला आणि त्यानं दोन एकर वावराला गिऱ्हाईक पाहायला सुरुवात केली. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य पैशाचं नाही. ते हे: ‘विमान ऑटोपायलट चालवतो, पायलट वाटेत झोपतात. सुरुवातीला को-पायलट म्हणून घेतात, त्यानं नुसतं बाजूला बसायचं.’

झोपेचं घ्या. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ चा कॅप्टन खरंच झोपला होता, दीड तासाहून जास्त. एवढं अर्धसत्य मान्य. पुढचंही वाचा मग. १६६ पैकी १५८ माणसं गेली आणि चौकशीचा अहवाल सगळ्यांना वाचायला खुला आहे.

विमान ऑटोपायलटवरच, म्हणजे आपोआप चालवणाऱ्या यंत्रावरच, खाली येत होतं. धावपट्टी अडीच सागरी मैलांवर आली, तेव्हा उंची हवी त्याच्या जवळपास दुप्पट होती. ऑटोपायलट सांगितलं तेवढंच करतो; चुकलं हे ओळखलं को-पायलटनं. त्यानं तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हटलं. म्हणजे उतरणं सोडा, पॉवर द्या, वर चढा, फेरी मारून नव्यानं या. कॅप्टननं मात्र ऑटोपायलट काढून विमान आणखी वेगानं खाली घातलं. जमीन जवळ आल्याचा यंत्राचा इशाराही कोणी ऐकला नाही. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फुटांवर. तरीही अहवालाचं गणित सांगतं की रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग मारणं) आणि पूर्ण ब्रेक धरून ठेवले असते तर विमान थांबलं असतं. कॅप्टननं रिव्हर्स लावला, मग काढला आणि परत उडायला गेला. रिव्हर्स लावल्यावर थांबायचंच, असा बोइंगचा नियम आहे.

अहवालानं थेट कारण दिलं ते हेच: चुकलेला अप्रोच, म्हणजे उतरायची चाल, सोडला नाही, को-पायलटचं ऐकलं नाही. को-पायलटनं सांगितलं, पण कंट्रोल हातात घेतलं नाही. त्या खुर्चीचं काम ते आहे, बाप्पा. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून वयानं आणि अनुभवानं मोठ्या माणसाच्या हातातून विमान घेणं. सिम्युलेटरमध्ये याचा सराव करून घेतात. मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही अशा वळणात वाढलेल्या आपल्या पोट्ट्यांना नेव्हिगेशनच्या गणितापेक्षा हे जड जाते. एरवीही रेडिओ, चेकलिस्ट, इंधनाचा हिशेब असतोच, आणि पुष्कळदा एक फेरी कॅप्टन उडवतो तर पुढची को-पायलट.

ऑटोपायलटवर फार भरवसा असेल तर १ जून २००९ चं एअर फ्रान्स ४४७ आठवा. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, आणि साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात. २२८ माणसं.

आता १८ महिने. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागते: त्यात १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी आपली), ३०० सागरी मैलांची एक क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबची फेरी, ५ तास रात्रीचं उड्डाण. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर शिका की आणखी कुठे, पावसाळ्यात ढग खाली आले की लहान विमान जमिनीवरच राहते. वर डीजीसीएचे (लायसन्स देणारं सरकारी खातं) पेपर, प्रत्येकात पास व्हायला ७० टक्के. काहींचं १८ महिन्यांत होते, पुष्कळांचं होत नाही.

१०० टक्के नोकरी हे साफ खोटं. ट्रॅक्टरचं लायसन्स निघालं म्हणून दारात ट्रॅक्टर येत नाही. लायसन्सला पन्नास लाख किंवा वर, त्यानंतर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग (त्याच जातीचं विमान उडवायची वेगळी परवानगी), तेही बहुधा स्वतःच्याच पैशानं. भरती थांबली तरी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता फक्त यंत्रं पाहून उडवायची परवानगी) ताजं ठेवायचा खर्च थांबत नाही. ५ लाख पगार असतो, पण कॅप्टनला.

‘चष्मा असला की बाद’ असं लोक सांगतात, हेही चूक. चष्म्यानं नजर ठरलेल्या मापात येत असेल तर चालते. ‘आर्ट्सवालेही चालतात’ हे अर्धं खरं: फिजिक्स आणि मॅथ्स मुक्त विद्यालयातून वेगळे पास करावे लागतात.

आणि ‘मेडिकल शेवटी करू’ असं सांगणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. आधी क्लास २ ची मेडिकल तपासणी, लगेच त्याहून कडक क्लास १ ची. रंग ओळखण्यात दोष निघाला, आणि तो मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त असतो, तर नुकसान हजारांत भागते. लाखो भरल्यावर निघाला तर कोणी परत देत नाही. त्यानंतर घरी बसून डीजीसीएचे एक-दोन पेपर काढावे. मग संस्थेत जाऊन विचारावं: आज उडण्याजोगी विमानं किती, एका विमानामागे विद्यार्थी किती, मागच्या बॅचचे २०० तास किती महिन्यांत झाले. फी उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यानं घेतील का, हेही विचारा, आणि उत्तर लेखी मागा.