पाटी पेंटरकडूनच लिहून घे

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर बडोद्यातल्या एका तरुण चित्रकाराची चित्रं फिरत होती. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या पत्र्याच्या पाट्या, दंतमंजनाच्या जुन्या जाहिराती, अगदी गंजासकट कॅनव्हासवर. सगळे हळवे झाले. मीही झाले. आणि त्याच दिवशी चुलतभावाने आमच्या दुकानाची पाटी उतरवून फ्लेक्स लावला. मी हरकत घेतली तर म्हणाला, "ताई, लंडनला बसून बोलायला काय जातंय? पत्रा सडलाय. फ्लेक्स दोन तासांत मिळतो."

हिशेबाने त्याचं बरोबर आहे. दुकान तो चालवतो, मी नाही. पण त्या पाटीवरून मी गुजराती वाचायला शिकले. वर मराठी, खाली तेच गुजरातीत. पेंटरकाका खडू लावलेल्या दोरीने रेघा आखून अक्षरं भरत आणि मराठीची शिरोरेघ अगदी शेवटी, हात न उचलता ओढत. खालच्या ओळीला ती नसे, एवढाच फरक मला तेव्हा कळला होता.

इथे लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागात एका भिंतीवर फाउंटन पेन दुरुस्तीची जुनी रंगवलेली जाहिरात आहे. लोक थांबून फोटो काढतात. पेन दुरुस्त करणारे कधीच गेले. अक्षरं कुणी लिहिली, हे मी विचारलं तर कुणाला सांगता आलं नाही. बडोद्यात असं व्हायला नको, कारण तिथे लिहिणारे हात अजून आहेत.

चित्रकार भूपेन खख्खर आपल्याच बडोद्यात राहून हिशेबनिसाची नोकरी करत. 1972 मध्ये त्यांनी घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाचं चित्र काढलं, शिंप्याच्या दुकानाचं काढलं. ते शिंप्याचं चित्र, 'डीलक्स टेलर्स', 2017 मध्ये इथे लंडनच्या लिलावात 11 लाख पौंडांच्या वर गेलं. आज आपण त्यात जुना काळ बघतो. खख्खरांसाठी ती रोजची, उघडी दुकानं होती, आणि आत काम करणारा माणूसही चित्रात होता. नव्या चित्रांत मला तोच दिसत नाही. नुसता गंज दिसतो.

म्हणून भावाला लिहिलं, मजुरी मी देते, पाटी पेंटरकडूनच लिहून घे. काल त्याचा निरोप आला. पेंटरकाका गेले. त्यांचा मुलगा फ्लेक्सच्याच दुकानात डिझाइन करतो. ब्रश धरता येतो म्हणाला, पण रविवारशिवाय जमणार नाही, आणि पत्रा नवा लागेल.